वेफर्स की रायपनिंग चेंबर? जागा एक, धंदे दोन

खानदेशात नव्या धंद्याची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पैसा कधी वसूल होणार? धुळे-शिरपूरकडे हाच प्रश्न अहिराणीत येतो, ‘पैसा कितला दिनमा वसूल व्हई?’ प्रश्न रास्त आहे. वळवाच्या एका वादळात उभी केळीबाग आडवी झालेली ज्यांनी पाहिली आहे, ते लांबच्या कमाईवर भरवसा ठेवायला का कचरतात हे सांगायला नको. पण दोन धंद्यांपैकी एकच करता येणार असेल, तर एवढ्या एका प्रश्नावर निवड करणं महागात पडू शकतं. कसं ते आकडे मांडूनच बघू.

रावेर तालुक्यातलं एक कल्पनेतलं घर घ्या. हाताशी २० लाख रुपये आहेत आणि रस्त्याला लागून एक मोकळा प्लॉट आहे. थोरल्या भावाला केळी वेफर्सचं युनिट टाकायचंय, धाकट्याला रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायच्या वातानुकूलित खोल्या. प्लॉट एवढाच, त्यामुळे दोन्ही होणार नाहीत. चेंबर ही कल्पना हवेतली नाही. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. चेंबरमध्ये साधारण १६ ते १८ अंश तापमानात इथिलीन वायू सोडून केळी एकसारखी पिवळी करतात. वेफर्सची कल्पनाही या भागाला नवी नाही. भाव पडला की कच्ची केळी मातीमोल होतात आणि वेफर्सवाल्याची चांदी होते.

पुढचे आकडे समजावण्यासाठी मानलेले आहेत, बाजारातले म्हणून घेऊ नका. सगळे लाखात आहेत, आणि दरवर्षी सगळा खर्च जाऊन हातात उरणारी रोकड दाखवतात.

वेफर्स: आज १० गुंतवायचे, पुढे वर्षाला ४, ४, ३, ३, ३.

चेंबर: आज २० गुंतवायचे, पुढे वर्षाला ३, ६, ८, ८, १०.

वेफर्सची कमाई दोन वर्षांनी घटते, कारण धंदा चालतोय म्हटल्यावर शेजारी दुसरी कढई लागतेच. चेंबरची सुरुवात सावकाश आहे, व्यापारी जोडायला वेळ लागतो. शेवटच्या वर्षीच्या १० लाखांत अडकलेलं खेळतं भांडवल आणि यंत्रांची मोडीची किंमतही धरली आहे.

वसुलीचा हिशोब सोपा आहे. वेफर्सचे १० लाख २ वर्षं ८ महिन्यांत निघतात, चेंबरचे २० लाख साधारण ३ वर्षं साडेचार महिन्यांत. थोरला जिंकला. पण या हिशोबात पैसे निघाल्यानंतर काय होतं, हे कोणी विचारलंच नाही. वसुलीच्या दुसऱ्या दिवशी यंत्र बंद पडलं काय आणि पुढं दहा वर्षं चाललं काय, वसुलीचा काळ तोच. शिवाय पहिल्या वर्षीचा रुपया आणि तिसऱ्या वर्षीचा रुपया इथे एकाच मापाने मोजला जातो.

ही दुसरी चूक दुरुस्त करणं सगळ्यात महत्त्वाचं. आज १०० रुपये १२ टक्क्यांनी लावले तर वर्षाने ११२ होतात. मग वर्षाने मिळणारे ११२ आज १०० च्याच बरोबरीचे. हेच उलट चालत गेलं की पाच वर्षांनी मिळणाऱ्या एक लाखाची आजची किंमत निघते: १२ टक्क्यांनी फक्त ५६,७४० रुपये. चक्रवाढ व्याज आपण शाळेत पुढच्या दिशेने शिकलो, इथे ते मागे चालवायचं, एवढंच. हा विचार जुना आहे. सायमन स्टेविन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८२ सालीच व्याजाची कोष्टकं छापली होती, आणि दोन व्यवहारांतला फायद्याचा कोणता हे आजची किंमत काढून कसं ठरवायचं, तेही दाखवलं होतं.

आता प्रत्येक वर्षाची रोकड अशी आजच्या किमतीत आणा, बेरीज करा आणि सुरुवातीची गुंतवणूक वजा करा. उरतं ते निव्वळ वर्तमान मूल्य. सीए मंडळी त्याला एनपीव्ही म्हणतात. १२ टक्क्यांनी वेफर्सच्या सगळ्या येणाऱ्या पैशांची आजची किंमत १२.५० लाख होते. १० वजा जाता २.५० लाख उरतात. चेंबरची २३.९१ लाख होते. २० वजा जाता ३.९१ लाख. धाकटा पुढे गेला, तोही १ लाख ४१ हजारांनी.

थोरल्याकडे अजून एक पत्ता आहे. ‘टक्क्यांत बघ ना,’ तो म्हणेल. अंतर्गत परतावा दर, म्हणजे आयआरआर, हा असा व्याजदर की जो लावल्यावर एनपीव्ही बरोबर शून्य होतो. वेफर्सचा साधारण २२.४ टक्के येतो आणि चेंबरचा १८.४. लावलेल्या रुपयामागे आजच्या किमतीत किती परत येतं, हे पाहिलं तरी वेफर्स १.२५ आणि चेंबर १.२०. वसुली, टक्के आणि रुपयामागचं प्रमाण असे तीन साक्षीदार थोरल्याच्या बाजूने. धाकट्याकडे एकटा एनपीव्ही.

तरी मी धाकट्याच्या बाजूने उभा राहीन, निदान सध्या. कारण थोरल्याचे २२ टक्के दहा लाखांवरचे आहेत आणि धाकट्याचे १८ टक्के वीस लाखांवरचे. टक्के काढताना रकमेचा आकार पुसला जातो. पाच वर्षांनी घर किती श्रीमंत झालं हे रुपयांत मोजायचं असेल, तर आकार पुसून कसं चालेल?

वाद मिटवायचा एक छान मार्ग आहे, आणि बहुतेक प्रोजेक्ट रिपोर्टांत तो सापडत नाही. चेंबरच्या आकड्यांतून वेफर्सचे आकडे वजा करा. उरतं ते असं: आज १० लाख जास्तीचे घाला, पहिल्या वर्षी १ लाख कमी मिळवा, आणि मग २, ५, ५, ७ लाख जास्त मिळवा. हा जणू तिसराच धंदा. वेफर्स सोडून चेंबरकडे जाण्यासाठी जे वरचे दहा लाख लागतात, ते किती कमावतात? उत्तर साधारण १५.८ टक्के. तुमचा पैसा १२ टक्क्यांचा असेल तर १५.८ देणारा हा तिसरा धंदा घ्यायलाच हवा, म्हणजे चेंबर घ्यायला हवं. टक्क्यांच्या भाषेत बोललात तरी उत्तर एनपीव्हीचंच येतं, फक्त टक्के फरकाचे काढायला हवेत.

याच १५.८ वर पारडं फिरतं. समजा बँक पुरेसं कर्ज देत नाही आणि पैसा बाहेरून दीड टक्का महिन्याने उचलावा लागतो, म्हणजे ढोबळमानाने वर्षाला १८ टक्के. त्या दराने वेफर्सचा एनपीव्ही ९५ हजार उरतो आणि चेंबरचा जेमतेम २२ हजार. आता थोरला बरोबर. धंदे तेच, आकडे तेच, पण पैसा महाग झाला आणि उशिरा फळणारा धंदा मागे पडला. म्हणून ‘कोणता प्रोजेक्ट चांगला’ याला तुमच्या पैशाचा दर कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. जो सल्लागार तो दर न विचारता उत्तर देतो, त्याची फी वाया गेली समजा.

मग हा दर ठरवायचा कसा? एक चूक फार दिसते. पीककर्ज वेळेत फेडलं की व्याज ४ टक्क्यांवर येतं, म्हणून कारखान्याचा हिशोबही ४ टक्क्यांनी करायचा. पीककर्ज पिकासाठी असतं आणि त्याच्या व्याजाचा काही भाग सरकार सोसतं म्हणून ते स्वस्त आहे. त्या दराने मोजलं तर कुठलाही धंदा सोन्याचा दिसेल. दर त्या पैशाला दुसरीकडे जे मिळालं असतं त्यावरून ठरतो, तेही तितकीच जोखीम घेऊन. घरात १२ टक्क्यांचं कर्ज चालू असेल तर ते फेडणं ही १२ टक्क्यांची बिनधोक कमाई आहे. त्याहून कमी दर धरायला काही आधार नाही, उलट धंद्यातल्या धोक्यापोटी एक-दोन टक्के वर चढवायला हवेत. कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षं ३ टक्के व्याजसवलत मिळते. अशी सवलत एका धंद्याला लागू आणि दुसऱ्याला नसेल, तर तो फरक जरूर मोजा, पण एकदाच. दरही कमी केला आणि वाचलेलं व्याज रोकडीतही धरलं, की तोच फायदा दोनदा मोजला जातो.

उरलेल्या दहा लाखांचं काय?

थोरल्याने वेफर्स घेतलं तर दहा लाख शिल्लक राहतात. ते कुठे जातात यावर बरंच काही ठरतं. त्यातून १२ टक्क्यांचं कर्ज फेडलं, तर त्या दहा लाखांचा एनपीव्ही शून्य, आणि वर केलेली तुलना जशीच्या तशी टिकते. पण ते ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत घातले तर पाच वर्षांनी १४.०३ लाख होतील. त्यांची १२ टक्क्यांनी आजची किंमत ७.९६ लाख, म्हणजे २ लाख ४ हजारांचा घाटा. वेफर्सच्या अडीच लाखांतून तो वजा केला की ४६ हजार उरतात. बावीस टक्क्यांचा धंदा आणि सात टक्क्यांची ठेव एकत्र केली की घराच्या हाती एवढंच लागतं.

उलट बाजूही तपासू. दहा लाखांत एक वेफर्स युनिट, तर वीस लाखांत दोन का नकोत? एक रावेरला, दुसरं भाड्याच्या जागेत भुसावळला. भाडं वगैरे सोडून दोन्ही सारखीच चालली, तर एनपीव्ही ५ लाख होतो आणि चेंबरचे ३.९१ मागे पडतात. म्हणजे पैसा तुटपुंजा असेल आणि धंदा तसाच्या तसा दुसऱ्यांदा उभा करता येत असेल, तर रुपयामागे किती परत येतं ते प्रमाण कामाचं ठरतं. प्रश्न इतकाच की भुसावळच्या दुकानदाराला तुमच्या दुसऱ्या कढईचा माल हवा आहे का. त्याचं उत्तर गणितात मिळत नाही, त्यासाठी भुसावळला जावं लागतं.

टिकाऊ ते स्वस्त असतंच असं नाही

दोन पर्यायांचं आयुष्य वेगळं असेल तर वेगळाच घोळ होतो. ठिबकच्या नळ्यांचं बघा, पुन्हा मानलेलेच आकडे. हलका संच एकरी २८ हजारांचा, ३ वर्षं टिकतो. भारी संच ५० हजारांचा, ६ वर्षं टिकतो. बांधावर हिशोब होतो तो असा: २८ भागिले ३, वर्षाला ९,३३३, ५० भागिले ६, वर्षाला ८,३३३. भारी संच स्वस्त पडला.

या भागाकाराने व्याज विसरलं. भारी संचात तुम्ही सहा वर्षांचे पैसे आजच देऊन बसता. १२ टक्क्यांचं व्याज धरून दरवर्षी समान हप्ता किती पडेल ते काढलं, तर हलक्या संचाला वर्षाला ११,६५८ रुपये आणि भारी संचाला १२,१६१ येतात. हलका स्वस्त निघाला! दर ७ टक्के धरला तर मात्र १०,६७० विरुद्ध १०,४९०, आणि भारी संच पुन्हा पुढे. कर्जात बुडालेला शेतकरी हलकी नळी घेतो तेव्हा दुकानदार त्याला अडाणी ठरवतो. त्याच्या व्याजदराने बघितलं तर तो बरेचदा बरोबर असतो. अर्थात तीन वर्षांनी नळीचा भाव वाढेल आणि ती पुन्हा अंथरायची मजुरी लागेल, तेही धरायला हवं, आणि मग फरक परत फिरू शकतो.

रोकड मोजताना

सूत्रं सोपी आहेत, घोळ होतो तो आकडे भरताना. आधीच खर्च झालेले पैसे धरायचे नाहीत. चेंबरच्या प्रोजेक्ट रिपोर्टला चाळीस हजार देऊन बसला असाल तर ते गेले. चेंबर केलं तरी गेले, नाही केलं तरी गेले. ‘एवढा खर्च केलाय तर आता करूनच टाकू’ ही भावना समजते, हिशोबात तिला जागा नाही. याउलट जे खिशातून जात नाही असं वाटतं ते मात्र धरायचं. प्लॉट घरचा आहे म्हणून फुकट नाही. तो ट्रान्सपोर्टवाल्याला भाड्याने दिला असता तर जे मिळालं असतं, तो खर्चच आहे. धाकटा दिवसभर चेंबरवर बसणार असेल तर त्याचा पगारही धरा, नाहीतर त्याचं बिनपगारी राबणं धंद्याचा नफा म्हणून मिरवलं जातं.

कर्जाचं व्याज रोकडीतून वजा करू नका, ते १२ टक्क्यांच्या दरात आधीच आलंय. घसारा, म्हणजे यंत्र जुनं होतं म्हणून दरवर्षी हिशोबात दाखवलेली किमतीतली घट, ही रोकड नाही, म्हणून तोही वजा करायचा नाही. पण घसाऱ्यामुळे आयकर कमी लागतो, आणि ती वाचलेली रक्कम रोकड आहे. यंत्रसामग्रीवर सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांनी, घटत्या शिलकीवर, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर, घसारा मिळतो. पीएमएफएमई या केंद्राच्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या योजनेचं ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, कागदावर मोठं दिसतं. पण ते कर्जाशी जोडलेलं आहे, मंजुरीच्या दिवशी हातात रोख येत नाही. म्हणून ते पहिल्या दिवशी न धरता, खरोखर ज्या वर्षी कर्जातून कमी होईल त्या वर्षात धरा.

संगणकावर करणार असाल तर एक खाच सांभाळा. एक्सेलमधलं एनपीव्हीचं सूत्र पहिला आकडा आजचा न मानता वर्षअखेरचा मानतं. गुंतवणुकीचे वजा २० त्या सूत्राच्या आत टाकले तर चेंबरचं उत्तर ३.९१ ऐवजी ३.४९ येतं. ते बाहेर ठेवून वेगळे मिळवा. आणि मधल्या एखाद्या वर्षी मोठी दुरुस्ती येऊन रोकड पुन्हा उणे होत असेल तर आयआरआरची दोन-दोन उत्तरंही निघू शकतात. अशा वेळी ते सोडूनच द्या.

बँकेच्या रिपोर्टवरही विसंबू नका. त्यात डीएससीआर असतो, म्हणजे धंद्याच्या कमाईतून हप्ता किती पटीने भागतो ते प्रमाण. बँकेला कर्ज परत मिळेल का एवढंच त्यातून कळतं, आणि तिच्या जागी ते बरोबरच आहे. वेफर्स आणि चेंबर दोन्ही त्या परीक्षेत पास होतील. त्यातलं तुमच्या घराला फायद्याचं कोणतं, हे बँकेने शोधलेलं नसतं.

सहा टक्क्यांचं अंतर

आता धाकट्याला थोडं अडचणीत आणू. चेंबर १ लाख ४१ हजारांनी पुढे आहे खरं, पण किती भक्कम पुढे? त्याची दरवर्षीची रोकड सरसकट सुमारे ६ टक्क्यांनी घटली, वेफर्सची मात्र तशीच राहिली, तर दोघं बरोबरीला येतात. चेंबरचा एनपीव्ही शून्यावर यायला रोकड १६ टक्के घटावी लागते, वेफर्सचा शून्यावर यायला २० टक्के. एकेकटं पाहिलं तर दोन्ही बऱ्यापैकी ताण सोसतात, पण एकमेकांतलं अंतर सहाच टक्क्यांचं. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा चेंबरचं वीजबिलच एवढा फरक पाडेल.

वसुलीचा जुना प्रश्न इथे कामाला येतो. त्यातही व्याज धरून वसुली बघावी. वेफर्सची २ वर्षं ८ महिन्यांची वसुली मग ३ वर्षं ७ महिन्यांची होते, आणि चेंबरची जवळजवळ ४ वर्षं ४ महिन्यांची. म्हणजे चेंबरचा सगळा फायदा पाचव्या वर्षाच्या शेवटच्या आठ महिन्यांत दडलाय. त्या काळाबद्दल किती खात्री आहे, हे धाकट्याला विचारायला हवं.

आणि एक गोष्ट कोणत्याही दराने सुटत नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण माल मुख्यतः हिरवाच निघतो, ट्रकने किंवा रेल्वेने उत्तरेकडे, आणि पिकतो तो जिथे खाल्ला जातो तिथे. पिवळी केळी लांबचा प्रवास सोसत नाहीत. म्हणजे रावेरच्या चेंबरचं गिऱ्हाईक दिल्लीत नसून भुसावळ, जळगाव, फार तर धुळ्यात आहे. दुसऱ्या वर्षापासून धरलेले सहा-आठ लाख या तीन बाजारांतून निघतात का? माझ्या मते या एका प्रश्नावर चेंबरचं भवितव्य आहे. प्लॉटवर खड्डा खणण्याआधी धाकट्याने या तीन गावांतल्या घाऊक फळविक्रेत्यांकडे जावं आणि आठवड्याला किती क्रेट उचलणार, कोणत्या भावाने, हे विचारून यावं. निम्मा माल तरी पक्का बोलून झाला तर मी चेंबर म्हणेन. नुसतं ‘बघू भाऊ, तुम्ही सुरू तर करा’ असं उत्तर आलं, तर १ लाख ४१ हजार सोडून वेफर्स घ्यावं, आणि उरलेले दहा लाख ठेवीत न घालता आधी १२ टक्क्यांचं कर्ज फेडून टाकावं.